टर्बो पुढे कधीतरी, पण पिस्टन आत्ताच

इंजिन तर उघडायचंच होतं, त्यात काही प्रश्न नव्हता. माझी मारुती एस्टीम २००४ ची, १६ व्हॉल्व्हवाली एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरवाली). सकाळी स्टार्ट केली की मागून निळा धूर, आणि दर महिन्याला वरून मोबिल (इंजिन ऑइल) टाकायचं काम. पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या, बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक) पण थोडा ओव्हल झाला होता, म्हणजे बोअरिंग, नवीन पिस्टन, हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) फेसिंग म्हणजे घासून सपाट करणं, सगळं आलंच. आता डोक्यात किडा असा की या इंजिनला पुढे टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून कोंबणारा पंखा) लावायचा. आत्ता नाही, आत्ता तेवढे पैसे नाहीत, वर्ष-दोन वर्षांनी. पण पिस्टन तर आत्ताच आत जाणार ना! मग कॉम्प्रेशन (पिस्टन आतलं मिश्रण किती पटीनं दाबतो तो आकडा) कोणतं ठेवायचं, आत्ताच्या हिशोबानं की टर्बोच्या हिशोबानं? प्रश्न एवढाच, आणि ज्याला विचारलं त्यानं वेगळंच सांगितलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये तोच वाद सुरू होईल. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असले बदल कायद्यात बसत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं जी गाडी जशी पास करून घेतली त्यापेक्षा वेगळी करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. त्यामुळे टर्बो लागला की ही गाडी रस्त्यावरून बाद, ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानातली वेळेची शर्यत) ट्रेलरवर टाकून न्यायची, हे घरी पण कबूल करून ठेवलंय. पण तोवर ती रोजची गाडी आहे. ऑफिस, बाबांना घेऊन वर्धा, लग्नसराईत अमरावती. हे "तोवर" किती लांबेल ते कोणी सांगावं, कारण टर्बोसाठी इंजिन बनवून ठेवलेले आणि टर्बो कधीच न लागलेले दोन-तीन जण मला नागपुरातच माहीत आहेत. बिचारे मेलेल्या कॉम्प्रेशनची गाडी घेऊन फिरून राहिले, पिकअप नाही आणि ॲव्हरेज पण नाही.

पहिला सल्ला गड्डीगोदामच्या मिस्त्रींचा. माणूस हाताचा एकदम पक्का, ॲम्बेसेडरपासूनची इंजिनं उघडलेली. ते म्हणाले, "भाऊ, टर्बो लावाचा हाय तर कॉम्प्रेशन आठवर आना. काहून टेन्शन घेऊन राहिले? दोन गॅस्केट टाकू एकावर एक, काम खतम." (गॅस्केट म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधली पातळ पट्टी.) दुसरा सल्ला पुण्याच्या मित्राचा, जो रॅलीच्या गाड्यांवर काम करतो. त्याचं म्हणणं अगदी उलटं, "अरे कॉम्प्रेशनला हात पण लावू नकोस, सगळं ट्यूनिंगमध्ये सांभाळता येतं, आजकाल फोक्सवॅगनचं एक लिटर टीएसआय साडेदहाच्या कॉम्प्रेशनवर टर्बो चालवतंय."

दोघंही खोटं बोलत नव्हते. हा वाद आजचा नाहीच मुळी. १९६२ मध्ये जनरल मोटर्सनं एकाच वर्षी दोन टर्बो पेट्रोल गाड्या काढल्या, अमेरिकेत. एक शेवरले कॉर्व्हेअर, तिचं कॉम्प्रेशन त्यांनी आठवर आणलं. दुसरी ओल्ड्समोबिल जेटफायर, तिचं १०.२५ ठेवलं आणि नॉकिंग (ज्वाला पोचायच्या आधीच मिश्रण स्वतःहून पेटणं, त्यानं इंजिन फुटतं) होऊ नये म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली. त्याची वेगळी टाकी, ती संपली की भरायची. लोकं भरायचीच नाहीत. मग कंपनीनं नंतर कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. म्हणजे मिस्त्री कॉर्व्हेअर पार्टीचे आणि पुण्याचा मित्र जेटफायर पार्टीचा. पण मित्राच्या टीएसआयच्या उदाहरणात एक गोष्ट सुटते, त्या इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरच्या आत फवारलं जातं, ते आतच वाफ होऊन हवेला थंड करतं, शिवाय नॉक सेन्सर आणि तेवढा हुशार ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर). माझ्या एस्टीमचे इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये, बाहेर. ती तुलना जमत नाही.

खरा गुंता सोडवला आमच्या कॉलनीतल्या काकांनी. व्हीएनआयटी या नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकलला आयुष्य घातलेलं, आता रिटायर्ड, दुपारी कूलरसमोर बसून सुडोकू सोडवतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तू कॉम्प्रेशनचा आकडा काय धरून बसलास बाबू, नॉकिंग आकड्यानं होत नाही, गरमीनं होते. ठिणगी पडल्यावर शेवटी जे मिश्रण जळायचं राहते ते किती तापलं ते पाह्य." आणि कागद घेऊन बसले.

हिशोब असा. नागपूरची मे महिन्यातली ४५ डिग्रीची हवा धरा. टर्बोनं अर्धा बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) दिला, कॉम्प्रेसर ६५ टक्के कार्यक्षम धरला, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा १०५ डिग्रीला जाते. तीच हवा डिसेंबरमध्ये २५ डिग्रीची असती तर ८० च्या आसपास. आणि बॉनेटच्या आतली तापलेली हवा ओढली, समजा ६० डिग्रीची, तर १२० च्या पार. हे सिलिंडरमध्ये शिरायच्या आधीच. आता पिस्टन ही हवा दाबतो तेव्हा काय होतं ते काकांनी तीन कॉम्प्रेशनला काढलं, गॅमा (हवा दाबल्यावर किती तापते ते ठरवणारा आकडा) १.३५ धरून. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लावून हवा ६० डिग्रीवर आणली आहे असं समजलं तर ९.८ कॉम्प्रेशनला (माझ्या इंजिनचं मोजून हेच आलं, ते कसं ते खाली) वरच्या टोकाला साधारण ४६७ डिग्री, ९ ला ४४६, आणि ८ ला ४१६. मग म्हणाले आता इंटरकूलर काढ, हवा १०५ ची जाऊ दे, कॉम्प्रेशन ९ च ठेव. उत्तर ५४३.

मी तो कागद दोनदा पाहिला. ९.८ वरून थेट ८ वर आलो तर फायदा ५१ डिग्रीचा, आणि कॉम्प्रेशन तेच ठेवून नुसता इंटरकूलर नीट लावला तर ९७ डिग्रीचा! आत शिरणारी हवा एक डिग्रीनं थंड केली की वरच्या टोकाला दोन डिग्रीच्या वर फरक पडतो. हे आदर्श हिशोब आहेत, खऱ्या इंजिनात भिंतींतून उष्णता जाते-येते, आधीचा जळका गॅस उरलेला असतो, आकडे तंतोतंत येणार नाहीत, पण कोणती गोष्ट मोठी आणि कोणती छोटी ते तर कळलं. तो "कॉम्प्रेशन गुणिले बूस्ट" वाला फॉर्म्युला सगळे फेकतात ना, ९ गुणिले दीड (एक बार बाहेरच्या हवेचा, अर्धा बूस्टचा) म्हणजे साडेतेरा वगैरे, त्यात तापमान कुठंच नाही. नागपुरात राहून तापमान न धरता हिशोब करायचा म्हणजे कमालच आहे.

दुसरी बाजू पण त्याच कागदावर होती. कॉम्प्रेशन पाडलं की टर्बो नसताना काय गमावतो? ऑटो सायकलच्या (पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या) पुस्तकी सूत्रानं ९.८ वरून ८ वर गेलं तर कार्यक्षमता साडेपाच-सहा टक्क्यांनी उतरते, ९ वर थांबलं तर सव्वादोन टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण मुळात १३०० सीसीचं इंजिन, एसी चालू, चार माणसं, वर्धा रोडच्या फ्लायओव्हरचा चढ, तिथे सहा टक्के बराबर जाणवतात. आणि टर्बो लागल्यावर पण बूस्ट यायच्या आधीचा सगळा वेळ इंजिन याच कॉम्प्रेशनवर चालणार.

मग म्हटलं ठीक आहे, ९ च्या आसपास. पण आत्ता कुठे आहे ते तर मोजा आधी. कंपनीचा छापील आकडा इथे कामाचा नाही, कारण बोअरिंग झालं, हेडचं फेसिंग झालं की तो बदलतो आणि दोन्ही वेळा वरच जातो. ही गोष्ट लोकं विसरतातच, ओव्हरहॉल केलेलं इंजिन मुळापेक्षा जास्त कॉम्प्रेशनचं झालेलं असते.

मोजायचं काम मला स्वतःला लय आवडलं म्हणून जरा सविस्तर सांगतो. बर्डीवरून काचेचा ब्युरेट आणला, शाळेत टायट्रेशनला होता तोच. साइनबोर्डवाल्याकडून ॲक्रिलिकचा जाड तुकडा, त्याला मधे छोटं भोक. हेड उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह बसवलेले, जुना प्लग घट्ट, कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन ॲक्रिलिक दाबून बसवलं. भोकातून रॉकेलसारखं काहीतरी पातळ सोडायचं, मी डिझेल वापरलं, त्यात थोडं लाल गिअर ऑइल मिसळून रंग आणला. थेंब थेंब सोडत जायचं, हेड थोडं कलतं ठेवायचं म्हणजे हवेचा बुडबुडा भोकाकडे येतो. शेवटचा बुडबुडा मोठा बदमाश असतो, प्लगच्या कोपऱ्यात लपून बसतो, टिचकी मारल्याशिवाय निघत नाही. तो निघाला की ब्युरेटवर वाचायचं. चारही चेंबर २९.४ ते २९.७ मध्ये आले, मी २९.६ धरलं.

बोअर ७४ चा ७४.५ झाला होता, स्ट्रोक ७५.५ तसाच. म्हणजे एका सिलिंडरचे ३२९.१ सीसी, चारचे मिळून १३१६. पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यांचे २.४, दाबलेल्या गॅस्केटचे ४.९ आणि पिस्टन ब्लॉकच्या पातळीपेक्षा खाली थांबतो त्या केसभर जागेचे ०.४. सगळं मिळून ३७.३. भागाकार केला तर ९.८. म्हणजे मी काहीच न करता, नुसतं "ओव्हरहॉल करून द्या" म्हटलं असतं, तर एवढं आलं असतं.

९ साठी वरची जागा ४१.१ सीसी हवी. कमी पडत होते ३.८ सीसी. हे ३.८ कुठून आणायचे यावर खरी मजा आहे.

मिस्त्रींचे दोन गॅस्केट लावले तर ८.८ येतं, आकडा तर छान दिसतो. पण मग पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या सपाट भागातलं अंतर सव्वा मिलिमीटरच्या जागी २.३ होतं. ही सपाट जागा फुकटची नाही. पिस्टन अगदी वर येतो तेव्हा तिथलं मिश्रण पिचकारीसारखं प्लगकडे फेकलं जातं, घुसळण होते, ज्वाला पटकन पसरते, आणि कडेला जो पातळ थर उरतो तो थंड धातूला चिकटून असल्यानं स्वतःहून पेटत नाही. अंतर एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर हे होतं, दोनच्या वर गेलं की नाही होत. म्हणजे नॉकिंग टाळायला कॉम्प्रेशन पाडायचं आणि ते पाडताना नॉकिंग टाळणारी चीजच मारून टाकायची. वर दोन गॅस्केटमधून कुठे लीक होईल ते वेगळंच. मिस्त्रींना हे सांगितलं तर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुमी म्हनता तसं करू, पन पिस्टनले हात लावाल तर जाडी पाहून लावा." हा सल्ला सोन्यासारखा होता.

कारण दुसरा मार्ग तोच, पिस्टनच्या डोक्यात मधोमध उथळ खड्डा करायचा आणि कडेची सपाट पट्टी तशीच ठेवायची. पिस्टन कास्ट ॲल्युमिनियमचे, फोर्ज्ड माझ्या बजेटच्या बाहेर. हिंगणा एमआयडीसीत एक वर्कशॉप आहे, छोट्या कंपन्यांचे जॉब करतात. त्यांनी पिस्टन उलटा धरून डायलनं डोक्याची जाडी काढली, मधे साडेसहा मिलिमीटरच्या वर निघाली. तरी सगळे ३.८ एकट्या पिस्टनमधून काढायची माझी तयारी नव्हती. म्हणून वाटून घेतलं. १.३ सीसी हेडमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूची भिंत जिथे व्हॉल्व्हला चिकटून उभी होती तिथे ग्राइंडरनं मागे सरकवली, धारदार कडा गोल केल्या (धार तापून लाल होते आणि तिथूनच आग लागते, ते वेगळं पुण्य). उरलेले २.५ पिस्टनमधून, ४८ मिलिमीटर व्यासाचा खड्डा, खोली १.४ च्या जवळपास. ऑपरेटर पोरगा मला म्हणे, "सर नवीन पिस्टन कोन खराब करते बे?" सर आणि बे एकाच वाक्यात फक्त आपल्याकडेच होऊ शकते. चारही पिस्टन नंतर काट्यावर तोलले, जड होते त्यांच्या आतून थोडं थोडं घासून सारखे केले.

तात्पुरतं जुळवून, पिस्टनवर सोल्डरच्या तारेचे तुकडे चिकटवून इंजिन हातानं एक चक्कर फिरवलं. तारेची चपटी झालेली जाडी मायक्रोमीटरवर १.१८, १.२०, अशी आली. व्हॉल्व्हसाठी क्ले लावून पाहिली, तिथेही भरपूर जागा. परत सगळं मोजून कॉम्प्रेशन ९.०४. झालं.

आता खरं सांगू तर कॉम्प्रेशनपेक्षा पण मला यादी महत्त्वाची वाटली, की परत हेड न उघडता पुढे काय काय बदलता येतं आणि काय नाही. इंटरकूलर, इंजेक्टर, ईसीयू, पाइपिंग हे सगळं बाहेरचं, पैसे आले की करू. पण रिंगांची गॅप बघा. साध्या इंजिनला या बोअरला ०.३० मिलिमीटर पुरते. टर्बोत रिंग जास्त तापते, फुगते, टोकं एकमेकांना भिडली की रिंग अडकते आणि पिस्टनचा रिंगेजवळचा काठच तुटतो. लोकं म्हणतात पेट्रोल खराब होतं म्हणून पिस्टन गेला, बरेचदा रिंगेला जागाच ठेवलेली नसते. मी ०.४० ठेवली. टर्बो नसताना थोडा ब्लो-बाय (रिंगांच्या फटीतून खाली निसटणारा गॅस) जास्त, मोबिलला थोडा वास जास्त, चालते. हेड गॅस्केट स्टीलच्या थरांची घेतली. आणि ऑइल चेंबर उतरवलेला होताच, तर त्याला टर्बोचं ऑइल परत यायचा बंग (पाइप जोडायची नळी) आत्ताच वेल्ड करून वर प्लग मारून ठेवला. हे सुचवलं पुण्याच्या मित्रानं, त्याचे उपकार, नाहीतर पुढे एवढ्यासाठी चेंबर परत उतरवावं लागलं असतं.

पेट्रोलचं पण बोलायला पाहिजे. ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आलं तेव्हापासून पंपावरच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन (नॉकिंग सोसायची ताकद) ९५ आहे असं सरकारनंच सांगितलं, आधी बीएस-४ ला ९१ होतं. गडकरी साहेबांच्या गावात राहून इथेनॉलला नावं ठेवायची सोय नाही, पण टर्बोवाल्याला ते खरंच कामाचं आहे, वाफ होताना जास्त उष्णता खेचतं. गोम अशी की तेवढ्याच हवेला ई२० जास्त लागतं, नुसत्या पेट्रोलचं हवा-इंधन गुणोत्तर १४.७ तर याचं साडेतेराच्या जवळ. म्हणजे टर्बोच्या वेळी इंजेक्टर निवडताना त्याचं मार्जिन धरा, नाहीतर नेमकं बूस्टवर मिश्रण पातळ होईल आणि मग ९ काय न ८ काय. जुन्या गाडीचे रबरी पाइप पण बदलून घ्या, माझे तर दाबले की भेगा दिसत होत्या.

इंजिन बसलं, रनिंग झाली. गरम इंजिनवर कॉम्प्रेशन गेज लावला, चारही सिलिंडर १७५ ते १८० पीएसआयच्या मधे. धूर बंद. पिकअप आधीपेक्षा चांगला, पण आधी रिंगाच गेल्या होत्या, त्यामुळे ती तुलना काही खरी नाही. मेच्या दुपारी एसी लावून बुटीबोरीपर्यंत गेलो, चौथ्यात कमी आरपीएमवर मुद्दाम पूर्ण पाय दिला, खिडकी उघडी ठेवून डिव्हायडरच्या बाजूला कान दिला, नॉकिंगची टिकटिक नाही. ठिणगीच्या कंपनीवाल्या टायमिंगवरच आहे, ईसीयूला पिस्टन बदलले ते माहीत पण नाही.

टर्बोचं सध्या एवढंच, की वाडीला ट्रकचे टर्बो रिपेअर करणाऱ्याकडे स्विफ्ट डिझेलचा छोटा टर्बो स्वस्तात पडून आहे आणि तो रोज फोन करून राहिला. साइज तर जमेल, पण डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो, पेट्रोलचा पूर्ण लोडवर ९०० डिग्रीच्या वर जातो, डिझेलवाल्या टर्बाइन हाउसिंगनं ते किती दिवस सोसावं? त्यामुळे त्याला अजून हो म्हटलं नाही. इंटरकूलर आधी घेणार, तो बंपरच्या मागे बसतो का ते पुठ्ठ्याचा तुकडा कापून पाहून ठेवलंय, एसीचा कंडेन्सर दोन बोटं मागे घ्यावा लागेल. पुण्याचा मित्र म्हणतो वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) पहिली स्प्रिंग ०.४ बारची टाक आणि पहिला उन्हाळा त्याच्यावरच काढ. कोणाकडे पेट्रोलचा, वेस्टगेट चालू स्थितीतला छोटा आयएचआय (जपानी कंपनीचा टर्बो) असेल तर सांगा, भावाचं बोलू.